संक्षेपांची यादी

प्रबंधाचं पान सहा की सात, रोमन आकड्यांतलं,
ऋणनिर्देशाच्या मागून येणारं.
तिथं कुणी थांबत नाही.
मी थांबते. पानाला अठरा रुपये घेते टायपिंगचे,
तक्त्यांना जादा.
गणपती पेठेत हळदीच्या पोत्यांचा वास
जिन्यानं वर येतो, प्रिंटरच्या कागदांत बसतो.
पुण्याच्या एका परीक्षकानं म्हणे विचारलं होतं,
हा प्रबंध कुठं वाळत घातला होता?

पी.डी. मला पहिल्यांदा भेटलं ते हळदीतच:
लागवडीची घनता. हेक्टरी किती जेठे गड्डे.
मग विट्याच्या एका पोराच्या संख्याशास्त्रात
तेच सारणी होऊन आलं, धन-निश्चित,
म्हणजे काय ते त्यानं दोन चहा होईपर्यंत सांगितलं,
मला पटलं, कळलं नाही.
पक्ष्यांवर काम करणारी एक बाई होती,
ती पी.डी. म्हणून वंशवृक्षाच्या फांद्यांची लांबी मोजायची.
मारुती चौकातला चष्मेवाला
डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधल्या अंतराला पी.डी. म्हणतो.
माझं एकसष्ट मिलिमीटर आहे,
हे मात्र कुठल्या प्रबंधात आलं नाही.

नियम एकच: पहिल्यांदा येईल तिथं पुरतं लिहा,
कंसात संक्षेप.
पुढं नुसता संक्षेप.

पायगोंडा देवगोंडा मगदूम,
हे मी पुरतं पाहिलं ते फक्त रेशनकार्डावर.
चौतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये
पी.डी., किल्ल्या.
पी.डी., बॅटरी उतरलीय.
आणि टेबलाटेबलाशी पोरं वहीत लिहायची: पी.डी. =
विभवांतर, व्होल्टमध्ये.
"माझ्या नावापुढं बरोबरचं चिन्ह घालत्यात,
अन् कधी सव्वा येतंय, कधी दीड,"
आप्पा जेवताना सांगायचे. आई दर वेळी हसायची.
गॅल्व्हानोमीटरची सुई थरथरली
की ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.
थांबू दे तिला. ती खोटं बोलत नाही, नुसती भितीय.

मिरजेला डॉक्टरांनी चालायला लावलं, वळायला लावलं,
अंगठ्यावर तर्जनी आपटायला लावली, भराभर.
केसपेपरवर नाव: पी. डी. मगदूम.
खाली निदान: पी.डी.
आप्पांनी चष्मा पुसून वाचलं.
"पोरी, ह्यांनी माझं नाव दोनदा घातलंय."
स्टँडपर्यंत मी पुरता शब्द उच्चारला नाही.
त्यांनीही विचारला नाही. लॅबमधला माणूस,
कोरा ठेवलेला रकाना त्यांना ओळखू येतो.

आता ही पलूसची रुबीना मुजावर.
तिचं यंत्र हाताचं थरथरणं मोजतं,
मनगटावर दोन पट्ट्या, त्यांच्यातलं विभवांतर,
आणि ज्यांचं मोजायचं त्यांचा आजार.
दोन्ही पी.डी., एकाखाली एक.
गाईडनं लाल शाईनं विचारलंय: एकाच यादीत दोन? एक काढा.
गुरुवारी जमा करायचाय. ताई, कुठला काढू?

मी पानं घरी नेली.
आप्पा ती मांडीवर घेऊन बसले,
डावा हात उजव्याखाली दाबून,
तरी कागद वाजतच होता.
वरून खाली वाचलं, पुष्कळ वेळ.
मग पेन मागितलं.
दुसऱ्या पी.डी.च्या खाली, मुंगीएवढ्या,
ओळ सोडून उतरत जाणाऱ्या अक्षरांत
काहीतरी लिहिलं.
ते मला अजून लागलेलं नाही.
पायगोंडा असेल.
पट्ट्या घट्ट बसवा, असंही असेल.

सकाळी रुबीनाला फोन केला.
म्हटलं, गाईडला सांग, टायपिस्ट म्हणते
काढायचं काही नाही, यादीच अपुरी आहे.
एक ओळ वाढेल.
तिचे पैसे धरू नकोस.